पोर्टलचं नंतर बघा, आधी क्रेडिट मोजा

तुमची पोस्ट सकाळी वाचली आणि हातातला चहा गार झाला. तुमचा मुलगा अमेरिकेत, पश्चिम टेक्सासमधल्या डिव्हिजन १ (कॉलेज खेळांचा सर्वात वरचा गट) कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, तिथल्या गोल्फ संघात, इथे ज्युनियरमध्ये एकाहत्तर-बहात्तर मारायचा, तिथे ७७ ते ७९ चाललेत (गोल्फमध्ये आकडा जितका कमी तितका चांगला). स्पर्धेला उतरणाऱ्या पाच जणांत कधी नाव येतं, कधी नाही. कोच नीट बोलत नाही. आणि तुम्ही विचारताय, "ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव टाकू द्यावं का?" (पोर्टल म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी.) चार वर्षांपूर्वी आमच्या घरात रोज रात्री हेच चालायचं. फरक इतकाच की आमची मुलगी होती, आणि "टाक नाव, किती दिवस सहन करणार" असं तिला म्हणणारी मी होते.

आधीच सांगते, मी कोच नाही, वकील नाही, एजंट तर नाहीच नाही. एकदा हात पोळलेली आई आहे. लिहितेय ते डिव्हिजन १ पुरतं. एनएआयए (बहुतेक लहान कॉलेजांची वेगळी संघटना) आणि ज्युनियर (दोन वर्षांच्या) कॉलेजांचं गणित वेगळं. शिवाय एनसीएएचे (डिव्हिजन १ चालवणाऱ्या संघटनेचे) नियम दरवर्षी हलतात, तेव्हा माझा शब्द प्रमाण मानू नका, कॉलेजच्या कंप्लायन्सवाल्यांना (नियम पाळले जातात का ते बघणाऱ्यांना) विचारा. एलिजिबिलिटी सेंटर (खेळाडू पात्र आहे का ते तपासणारं), व्हिसा वगैरे लिहीत बसत नाही. पोरगा तिथे खेळतोय म्हणजे ते तुम्ही पार केलंय.

स्कोअरचं थोडक्यात सांगते, कारण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तो नाहीच. घरच्या मैदानाचा आणि कॉलेजचा स्कोअर एका वहीत लिहू नका. माझी निळी वही होती, डावीकडे पुण्याचे आकडे, उजवीकडे तिथले. रोज बघायचे आणि रोज जीव खालीवर. पण डावीकडच्या आकड्यांत काय काय लपलं होतं! येरवड्याच्या मैदानावर ती नऊ वर्षांची असल्यापासून खेळत होती. कॅडी तिचा ठरलेला. प्रत्येक ग्रीनवर (कप म्हणजे भोक असतं त्या गुळगुळीत हिरवळीवर) बसून बघायचा आणि सांगायचा, "ताई, कपाच्या उजव्या कडेवर धरा, बाकी काही बघू नका." तिथे बॅग स्वतःच्या खांद्यावर नाहीतर ढकलगाडीवर, मैदान आयुष्यात दुसऱ्यांदा बघितलेलं, आणि बऱ्याच स्पर्धांत पहिल्याच दिवशी ३६ होल, म्हणजे दोन राउंड. सकाळी सुरू करून उन्हं उतरेपर्यंत चालायचं, मधे एखादं सँडविच. दुसऱ्या दिवशी तिसरा राउंड. त्यात तुमच्याकडे टेक्सासचा वारा.

त्यामुळे नुसता ७८ बघून काही कळत नाही. निकालाच्या पानावर त्या राउंडला सगळ्यांची सरासरी किती होती ते बघा. ज्या ७९ वरून मी लेकीशी फोनवर भांडले होते, त्या दिवशी सगळ्या खेळाडूंची सरासरी ७८.९ निघाली. मला हे कळलं दीड वर्षानं. तिला त्याच दिवशी माहीत होतं, पण आईशी कोण वाद घालणार.

दुसरं असं की पाच जण खेळतात आणि चांगले चार स्कोअर मोजले जातात. म्हणून कोच लोकांना ६९ चा आनंद होतो, पण झोप उडते ती ८३ ने. आज ७०, उद्या ८१ मारणाऱ्या पोरापेक्षा रोज ७४-७५ आणणारा त्यांना पाचांत बरा वाटतो, असं माझं निरीक्षण. चूक असू शकेल. मुलाला विचारा, त्याचे मोठे आकडे कुठून येतात. आमच्याकडे उत्तर एकच होतं. ड्राइव्ह (पहिला लांब फटका) झाडीत गेला की ती तिथूनच ग्रीन गाठायला बघायची आणि बोगीच्या (ठरलेल्यापेक्षा एक फटका जास्त) जागी सात लिहायची. कोचने सांगितलं होतं. मी तेव्हा तिला म्हणाले, "तो तुझा खेळ दाबतोय." धन्य मी!

आता मुद्द्याचं. दुसऱ्या वर्षाच्या एप्रिलमध्ये कॉन्फरन्स (कॉलेजांचा गट) स्पर्धेच्या पाचांत तिचं नाव आलं नाही. मे महिन्यात आम्ही पोर्टलमध्ये नाव टाकलं. तीन आठवड्यांत दुसऱ्या राज्यातल्या कोचचा फोन, माणूस गोड, संघ मधल्या फळीतला, "तू आमच्याकडे पहिल्या तिघींत खेळशील." ते खोटं नव्हतं. त्याने जागा खरंच धरून ठेवली होती. आम्ही पेढे वाटले.

आमची शंका एकच होती, दोन वर्षांचे क्रेडिट (विषय पास झाला की डिग्रीसाठी मिळणारे गुण) फुकट जाणार नाहीत ना? नव्या कॉलेजच्या एका कार्यालयात (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) तिने मेल केला. उत्तर दोन ओळींचं: तुमच्या ५९ पैकी ५६ क्रेडिट स्वीकारले आहेत, अभिनंदन. तीन गेले तर गेले म्हणून आम्ही खूश. त्या मेलची मी प्रिंट काढून फाइलला लावली होती, आहे अजून.

ऑगस्टमध्ये पहिल्या स्पर्धेला आठ दिवस असताना रात्री दीड वाजता फोन वाजला. "आई, मी या सेमिस्टरला खेळू शकत नाही." मला वाटलं हात मोडला. हात शाबूत होता.

झालं होतं ते असं. डिव्हिजन १ मध्ये खेळाडूला तिसरं वर्ष सुरू होताना आपल्या डिग्रीचे ४० टक्के पूर्ण असावे लागतात, चौथ्याला ६०, पाचव्याला ८०. डिग्री १२० क्रेडिटची, म्हणजे तिला ४८ हवे होते. ५६ तर "स्वीकारले" होते! पण ते कॉलेजने स्वीकारले होते, तिच्या डिग्रीत धरले होते ४३. उरलेले १३ ऐच्छिक विषयांच्या खात्यात पडले आणि ते खाते आधीच भरलेलं होतं. कॉलेजच्या दृष्टीने क्रेडिट आले, कागदावर दिसतात, पण डिग्री एक पाऊल पुढे सरकत नाही. एका शब्दाने ध चा मा झाला. पाच क्रेडिट कमी, म्हणजे साधे दोन विषय. मे महिन्यात कळलं असतं तर उन्हाळी वर्गात तिने ते हसत हसत केले असते. जून-जुलै दोन महिने ती पुण्यात घरी आंबे खात बसली होती हो!

त्या कार्यालयाला आम्ही विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? उत्तर: तुम्ही "स्वीकारले का" असं विचारलंत, आम्ही त्याचं उत्तर दिलं. डिग्रीत काय धरायचं ते विभाग ठरवतो. विभागाने सांगितलं, आमच्याकडे कागद आलेच नाहीत. कागद त्याच कार्यालयाच्या कुठल्या तरी रांगेत होते. आपल्याकडच्या तलाठी कार्यालयाला उगाच नावं ठेवतो आपण. तिथे निदान समोर जाऊन उभं तरी राहता येतं. इथे मेल करायचा आणि "आपली विनंती महत्त्वाची आहे" असं छापील उत्तर येणार.

त्यातला अकाउंटिंगचा एक विषय ऑक्टोबरमध्ये धरला गेला, कारण तिने जुन्या कॉलेजचा पूर्ण अभ्यासक्रम पाठवला, कुठल्या आठवड्यात कुठलं प्रकरण शिकवलं त्यासकट. विषयाचं नाव तेच असूनही आधी अडला होता, कारण नंबर वेगळा होता. पण तोवर शरद सिझनच्या चार स्पर्धा गेल्या. सराव करायला मिळत होता, खेळायला नाही. घरच्या मैदानावरच्या स्पर्धेत ती पाण्याची गाडी चालवत होती. मी सवयीने पुण्यात रात्री जागून लाइव्ह स्कोअर उघडून बसायचे आणि त्यात तिचं नाव नसायचं.

तुम्ही म्हणाल, मग परत जायचं जुन्या कॉलेजात. ते दार आम्हीच लावून घेतलं होतं. खेळाडूने पोर्टलसाठी लेखी कळवलं की जुनं कॉलेज पुढच्या टर्मपासून त्याची शिष्यवृत्ती बंद करू शकतं, मग तुम्ही विचार बदललात तरी. तिची जागा जूनमध्येच भरली. कोचने मेल केला, शुभेच्छा. त्याचंही काही चुकलं नाही. हल्ली तर अजून घट्ट झालंय. खेळाडूंच्या मोबदल्यावरून चाललेल्या खटल्यात २०२५ मध्ये जो समझोता झाला, त्यात जी कॉलेजं आली, त्यांना गोल्फच्या संघात नऊच खेळाडू ठेवता येतात. दहाव्या-अकराव्या नंबरच्या पोराला पूर्वी कसंबसं सामावून घ्यायचे, आता जागाच नाही. तुमचा मुलगा निदान पाचांत ये-जा करतोय. ही जागा हलकी समजू नका.

आमच्या घरी तेव्हा सहित थीगलाचा (भारतीय वंशाचा अमेरिकन गोल्फपटू) दाखला फार चालायचा. मनगटाच्या दुखापतीने पेपरडाइन कॉलेजात २०१८-१९ चा सिझन तो खेळला नाही, आणि पुढे २०२० मध्ये हॅस्किन्स, हॉगन, निकलॉस हे कॉलेज गोल्फचे तिन्ही मोठे पुरस्कार त्यालाच. आमचे हे रोज ऐकवायचे, "बघ, वर्ष गेलं म्हणून काही बिघडत नाही." अहो, पण तो ज्या संघात बाहेर बसला त्याच संघात परतला, त्याची जागा त्याच्याच नावावर होती. दुखापतीने बसणं वेगळं, कागदाने बसणं वेगळं. कागदाने बसलेल्या पोरीला सरावालाही उत्साह राहत नाही. जाळीत तेच तेच बॉल मारत राहायची.

तुमच्या जागी मी असते तर पोर्टलला हात लावायच्या आधी मुलाला कंप्लायन्स आणि ॲकॅडमिक सल्लागाराकडे पाठवलं असतं. तुम्ही मेल करू नका, आईबापांचे मेल तिथे फार वाईट दिसतात, हा अजून एक अनुभव. त्याने स्वतः जाऊन आज डिग्रीचे किती टक्के झालेत ते छापील घ्यावं. मग ज्या दोन-चार कॉलेजांकडे डोळा आहे, त्यांच्या वेबसाइटवर कुठला बाहेरचा विषय आमच्या कुठल्या विषयाच्या जागी चालतो याची यादी असते, बऱ्याच विद्यापीठांत सगळ्यांना खुली. ती बघायला कुणाची परवानगी लागत नाही. दुसऱ्या कोचशी मात्र पोर्टलमध्ये नाव जाण्याआधी बोलायचं नाही, ओळखीतल्या कुणाकरवीही नाही. आणि पुढे खरंच ऑफर आली तर प्रश्न असा विचारायचा: "यातले किती क्रेडिट माझ्या या मेजरच्या (मुख्य विषयाच्या) डिग्रीत धरले जातील, आणि तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला माझे किती टक्के भरतील?" उत्तर विभागाकडून, लेखी, विषयागणिक. कोच "काळजी करू नकोस" म्हणाला तर काळजी करा.

प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम आजच उतरवून ठेवायला सांगा. कॉलेज सोडलं की लॉगिन बंद होतं, आणि मग प्राध्यापकांच्या मागे फिरत बसावं लागतं.

ट्रान्सफर झालीच आणि सुट्टीत पुण्याला आला, तर परत जाताना हातात नव्या कॉलेजचा आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) हवा, जुना नाही. आमच्या ओळखीच्या एका मुलाला मुंबई विमानतळावर यावरून घाम फुटला होता. गोल्फची बॅग कडक कव्हरमध्येच पाठवा, आमच्या ड्रायव्हरचं (लांब फटक्याच्या काठीचं) डोकं एकदा मोडून आलंय. असो, भरकटले.

आणि कोच बोलत नाही म्हणजे राग आहे असं नसतं. आमच्या जुन्या कोचला तिने शेवटी, पोर्टलनंतर, विचारलं की मला का नाही घेतलं. तो म्हणाला, तू कधी विचारलंच नाहीस, मला वाटलं तुला माहीत आहे. दोन वर्षांत ही दहा मिनिटं झाली नव्हती. तुमच्या मुलाने आधी एकट्याने जाऊन बसावं, सरळ विचारावं: पाचांत पक्कं व्हायला मी कुठल्या चुका कमी करू? आणि पाचांत नसताना एखाद्या स्पर्धेत वैयक्तिक खेळाडू म्हणून मला उतरवता येईल का? यजमान कॉलेजांना अशा जागा असतात, न विचारणाऱ्याला मिळत नाहीत.

हे वाचून कुणी म्हणेल, मग पोर्टल वाईटच. तसं नाही. नव्या कॉलेजात वसंत सिझनला ती खेळली, कॉन्फरन्सला ७४, ७५, ७३ मारले, खूश होती. एक सेमिस्टर उशिरा डिग्री झाली. प्रो वगैरे नाही, आता नोकरी करते आणि रविवारी खेळते. एका सेमिस्टरचा खर्च किती झाला ते इथे लिहीत नाही, आमचे हे वाचतात इथे.

तुमच्या मुलाचा मेजर कुठला, आतापर्यंत किती क्रेडिट झालेत आणि मागच्या तीन स्पर्धांत सगळ्यांची सरासरी किती होती, एवढं खाली लिहा, मी बघून सांगते. आणि या वर्षी गोल्फची पोर्टलची खिडकी (नाव टाकायची मुदत) कधी उघडते, कधी बंद होते ते आजच बघून घ्या. ती थोड्याच दिवसांची असते.