सिस्टरना विचारा : एक टॉवेल आणि सगळा दवाखाना

प्रश्न : सोलापुरात विजापूर रोडवरच्या एका दवाखान्यात मी रिसेप्शनला बसते. संध्याकाळी साठ-सत्तर पेशंट असतात. आमच्या मावशी सकाळी फिनेलच्या पाण्यात टर्किश टॉवेल बुडवून टेबल, खुर्च्या, दाराची मूठ सगळं एका दमात पुसतात. डॉक्टर म्हणतात हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं जंतुनाशक) वापरा, मावशी म्हणतात फिनेलचा वास आला की पेशंटला बरं वाटतं. नेमकं काय वापरायचं, किती आणि कधी?

उत्तर : मावशींचं अगदीच खोटं नाही, त्या वासानं मलाही बरं वाटायचं. पण फिनेल फरशीपुरतं ठेवा. तुमच्या पत्रात मला खरा खटकला तो टॉवेल. माझ्या वडिलांचं आयुष्य मागावर गेलं, तेव्हा सोलापुरी टॉवेलला मी नावं ठेवणार नाही. पण पहिल्या खुर्चीवरची घाण तो इमानेइतबारे शेवटच्या खुर्चीपर्यंत नेतो. आपल्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे बादलीतलं पाणीही बदललं जात नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून जुना टॉवेल कापून तळहाताएवढे पंधरा-वीस तुकडे करा. एका तुकड्यानं दोन-तीन वस्तू पुसायच्या, की तो साबणाच्या बादलीत. वापरलेला तुकडा परत औषधात बुडवायचा नाही.

आता पुसायचं कुठं? निवृत्तीनंतर मी अशोक चौकाजवळच्या एका दवाखान्यात दोन वर्षं काम केलं. विड्या वळणाऱ्या बायका यायच्या. हात धुतले तरी तंबाखूचा रंग बोटांवरून लवकर जात नाही. दाराची पितळी मूठ मी रोज लख्ख करायची. एक दिवस खाली वाकले तर मुठीच्या वर वीतभर, दाराच्या कडेला तपकिरी पट्टा! दार स्प्रिंगचं होतं, मूठ कुणी धरतच नव्हतं, सगळ्या कडेलाच हात लावून ढकलायच्या. तीन महिने मी भलतीच जागा पुसत होते. तुम्ही तर रिसेप्शनलाच बसता, एक संध्याकाळ नुसतं बघा आणि कागदावर लिहा. खुर्चीचे हात, पाण्याच्या जारची तोटी, तपासणीच्या खोलीचा पडदा, पंख्याचं बटण, सुतळीनं बांधलेलं पेन… तुमची यादी माझ्यापेक्षा वेगळी निघेल.

हायपोचं प्रमाण बाटली वाचून ठरवा. ५ टक्क्यांचं असेल तर १ लिटर पाण्याला २० मिली, १० टक्क्यांचं असेल तर १० मिली. आधी साबणाच्या पाण्यानं पुसून घ्या, कारण मळावर टाकलेलं हायपो मळातच खर्ची पडतं. मग हायपोचं फडकं ओलंगच्च फिरवा आणि पुसून कोरडं करू नका. औषधाला वेळ लागतो, निदान एक मिनिट जागा ओली राहिली पाहिजे. मे महिन्यात पंख्याखाली ती त्याआधीच वाळते, तेव्हा दुसरा हात मारा. धातूवर गंज धरतो, म्हणून दहा मिनिटांनी साध्या पाण्याचं फडकं फिरवा. मिश्रण रोज ताजं करा, आणि बाटली गच्चीच्या खिडकीत नको. उन्हानं आणि उकाड्यानं त्याचा जोर उतरतो, वास मात्र राहतो.

कीबोर्ड, स्वाइप मशीन, मोबाइल यांना ७० टक्क्यांचं स्पिरिट, तेही फडक्यावर घेऊन. बटणांच्या बोर्डावर फवारा मारू नका. आणि ९९ टक्क्यांचं जास्त चांगलं असं समजू नका. ते उडून जातं, काम करायला थोडं पाणी लागतंच.

वेळ म्हणाल तर सकाळी एकदा, संध्याकाळच्या ओपीडीआधी एकदा आणि गर्दीच्या मध्ये एकदा, निदान तुमच्या यादीतल्या जागा. उलटी, रक्त सांडलं तर वेळ बघायची नाही. हातमोजे घाला, कागद टाकून टिपा, मग ५ टक्क्यांच्या हायपोचा एक भाग आणि पाण्याचे चार भाग करून दहा मिनिटं ओतून ठेवा.

एक गोष्ट मात्र मावशींना आजच सांगा. हायपोत संडासाचं ॲसिड कधी मिसळायचं नाही. एका दवाखान्यात नाइट ड्यूटीला असताना आमच्या मावशींनी "दोन्ही घातलं की जास्त पांढरं होतं" म्हणून तेच केलं. दार बंद, खिडकी नाही. क्लोरीनचा भपका आला तसा मी त्यांना पदराला धरून ओढत बाहेर आणलं. पहाटेपर्यंत त्या खोकत होत्या.

प्रश्न : घरचं बीपीचं मशीन शेजारचे चार जण वापरतात. पट्ट्याला काय करू?

उत्तर : पट्टा कापडी असेल तर आतली रबरी पिशवी काढून साबणानं धुवा, सावलीत वाळवा. प्लास्टिकचा असेल तर स्पिरिटचं फडकं पुरे. आणि शेजाऱ्यांना सांगा, बाही वर करून हात आधी धुऊन या. मशीन तुमचं आहे, एवढं म्हणायचा हक्क आहे तुम्हाला.