मुलगी खाजनात जाते, नाटकही करते

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहतो. माझी मुलगी भूगोल घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणापासून देवळाच्या उत्सवी नाटकांत काम करते. गेल्या वर्षी तिने आणि चार मैत्रिणींनी गावच्या खाजनातल्या, म्हणजे नदीकाठच्या बांद घातलेल्या शेतातल्या, मातीचा खारटपणा मोजला आणि त्यावर अर्ध्या तासाचे नाटक बसवून देवळाच्या मंडपात केले. टाळ्या पडल्या, लोक घरी गेले, फुटलेला बांद तसाच राहिला. मुलगी खट्टू झाली. घरचे म्हणतात, नाटक सोड आणि अभ्यास कर. यंदा त्यांना ते पुन्हा करायचे आहे. शिवाय ओहोटी बघायला रात्री मानशीवर, म्हणजे बांदातल्या पाण्याच्या दारावर, जाऊ म्हणतात. मी काय करू?

– एक आई

उत्तर : तुमचे पत्र वाचून मला माझ्याच वर्गातली मुले आठवली. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी उच्च माध्यमिकला भूगोल शिकवत होते, तेव्हा आम्हीही फुटलेल्या बांदावर पथनाट्य केले. शेतकऱ्यांनी लक्ष दिले नाही म्हणून बांद फुटला, असे त्यात ठासून सांगितले होते. खेळ संपल्यावर मागे बसलेले एक म्हातारे कूळ उठले आणि शांतपणे म्हणाले, "बांद कोणें मोडलो तें तुमी विचारूंकच ना." खरेच विचारले नव्हते. ग्रंथालयात बसून आम्ही कारणे लिहिली होती. ते बोल मला अजून टोचतात.

ज्यांनी खाजन पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. भरतीचे खारे पाणी बांद घालून अडवलेली ही नदीकाठची सखल जमीन. गोव्यात ती सुमारे 18,000 हेक्टर धरतात. बांदात पाण्याला दार असते, ती मानस. तिची लाकडी फळी भरतीच्या जोराने आपोआप मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. पहिल्या पावसांनी मातीतले मीठ धुऊन गेले की कोरगूट, म्हणजे खारटपणा सोसणारे भात, पेरायचे. पाणी बाहेर जाताना मानशीला जाळे लावून मासळी धरायची, आणि त्या हक्काचा लिलाव करायचा. पूर्वी हे सगळे गावकारी किंवा कोमुनिदाद, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीची संस्था, बघत असे. 1964 च्या कूळ कायद्यानंतर बांदांची राखण हळूहळू कुळांच्या संघटनांकडे आली.

भांडण मानशीच्या दारातच आहे. लिलाव घेणाऱ्याला मासळी हवी, म्हणून काही ठिकाणी दार अवेळी उघडे ठेवून खारे पाणी आत घेतात. शेतात मीठ चढते. शेत पडीक राहिले की खारफुटी उगवते, आणि ती एकदा उभी राहिली की कायद्यामुळे सहजासहजी तोडता येत नाही. दुसरीकडे तरुण नोकरीला गेले, बांदावर चिखल घालायला हात उरले नाहीत, हेही तितकेच खरे. मुलींच्या नाटकात हे सगळे होते का? की नुसते 'बांद वाचवा' होते?

आणि त्यांनी मोजलेले आकडे कुठे होते? शेवटी कुणी कागद वाचून दाखवला असेल, असा माझा अंदाज. मातीची विद्युतवाहकता, म्हणजे खारटपणाचे माप, 3 डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की साध्या भाताचे पीक घटू लागते. मंडपातल्या माणसाला यातून काही कळत नाही. माझ्या ओळखीच्या एका आजीने मृगाच्या आसपास मानशीजवळचा चिखल चिमटीत घेतला, बोटांनी चोळला, जिभेच्या टोकाला लावला आणि थुंकून म्हणाली, "अजून दोन मोठे पाऊस पाहिजेत." आमच्या मुलांनी मग मीटर लावला. आजीचेच खरे होते. तो चिखल, ती आजी आणि मीटर हातात धरलेली मुलगी, एवढ्यावर एक प्रवेश उभा राहतो, आणि आकडाही त्यात आपोआप बसतो.

पुढचा प्रवेश मानशीचा ठेवा. भरती लागली आहे, लिलाववाला फळी दोरीने ओढून उघडी ठेवतो आहे, शेतकरीण समोर आहे. इथे खेळ थांबवा. बघणाऱ्यांपैकी कुणालाही उठून तिच्या जागी उभे राहू द्या, पुढचे त्याने बोलावे. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल यांनी 1970 च्या दशकात ही रीत घडवली. आपल्याकडे ती फार शोभेल, कारण गोव्यातला प्रेक्षक स्वतः कधी ना कधी तोंडाला रंग लावलेला असतो. एका मुलीने वही घेऊन बसावे आणि कोण काय बोलले ते टिपावे. ते तिच्या अभ्यासाचे साहित्य आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाला दुसऱ्या शाखेची जोड द्यायला वाट दिली आहे, तेव्हा हाच विषय पुढच्या वर्षीच्या प्रकल्पासाठी मार्गदर्शकांपुढे ठेवायला सांगा. घरच्यांनाही मग पटेल. मात्र गावातल्या कुणाची हुबेहूब नक्कल नको. ज्यांचे बोलणे वापरायचे, त्यांना आधी विचारायचे.

खेळ मंडपात नको, बांदावर करा. दुर्भाट, बोरीकडे पौषातल्या अमावास्येला खाजनात मातीची मगर करून पुजतात, ती माणगेथापणी मुलींनी जाऊन पाहावी. चिखल, शिंपल्या, काठ्या, सगळे जागचेच. मांडणी कशी करावी हे त्यांना तिथे शिकायला मिळेल.

आता रात्रीचे. ओहोटी दिवसातून दोनदा येते, त्यातली एक बहुतेक उजेडात सापडते. मोजमाप त्या वेळी करावे. जाळे लावणारे रात्री येतात आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय नाटकाची दुसरी बाजू कळणार नाही, म्हणून एकदा जावे लागेलच. पण कुंभारजुव्याच्या कालव्यात खरोखरच्या मगरी आहेत, आणि बांदावर पाय घसरतो. मानशीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, चांगली बॅटरी घ्या, आणि मुलींबरोबर तुम्ही स्वतः जा.