वाचकांचे प्रश्न : अर्जातलं ‘स्वतःविषयी’चं पान

प्रश्न : शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘घरची जडणघडण, शालेय जीवन आणि पुढील आकांक्षा’ यांवर 500 शब्द लिहायचे आहेत. माझं आयुष्य अगदी साधं गेलं. मोठी बक्षिसं नाहीत, संकटंही नाहीत. मी काय लिहू? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : साध्या आयुष्यामुळे काही अडत नाही. अडतं ते ‘आईवडिलांनी चांगले संस्कार केले, शाळेत मी अनेक उपक्रमांत उत्साहाने भाग घेतला’ अशा वाक्यांपाशी. ती खोटी नसतात, पण दुसऱ्या कुणाच्याही अर्जात जशीच्या तशी चालतील. निवड करणाऱ्याला कळायला हवं की तू स्वतःहून काय ठरवलंस आणि त्याचं पुढे काय झालं.

म्हणून निबंधाला हात घालण्याआधी यादी कर. किमान 20 प्रसंग लिही, प्रत्येकाला एकच ओळ, सोबत इयत्ता. प्रसंग किरकोळ असले तरी चालतील : धाकट्या भावाला अपूर्णांक शिकवले, कमी गुण पडल्यावर अभ्यासाची पद्धत बदलली, वर्गातल्या भांडणात गप्प बसले आणि नंतर ते सलत राहिलं. मग प्रत्येकासमोर तीन रकाने आख : मी काय ठरवलं, काय केलं, त्यानंतर काय बदललं. पहिला रकाना रिकामा राहिला तर तो प्रसंग सोडून दे, मग त्यात कितीही मोठं प्रमाणपत्र मिळालेलं असो. जे उरतील त्यांतले दोनच घे. एक प्रसंग वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभा करायला 120 ते 150 शब्द लागतात. 500 शब्दांत तिसरा कोंबलास की तिन्हींची नुसती यादी होते.

आता अपूर्णांकांचाच प्रसंग घेऊ. ‘मला गणिताची आणि शिकवण्याची आवड आहे’ या वाक्याने हाती काही लागत नाही. त्याऐवजी हे वाच : ‘3/4 मोठा की 2/3, हे भावाला कळेना. कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या कापून एकीचे चार, दुसरीचे तीन भाग केले. मग दोन्हींवर बारा-बारा खुणा केल्या, तेव्हा त्याला नऊ आणि आठ दिसले. छेद समान करण्याचा नियम मला पाठ होता. तो का करायचा, हे त्या दिवशी समजलं.’ इथे आवड हा शब्द कुठेच नाही, तरी ती दिसते.

शब्दांची वाटणी साधारण अशी ठेव : घराविषयी 80 ते 100, दोन प्रसंगांना 270 ते 280, उरलेले आकांक्षांना. घराविषयी लिहिताना त्या दोन प्रसंगांना लागेल तेवढंच सांग. पहिला खर्डा 800 शब्दांपर्यंत जाऊ दे आणि मग काट. बहुतेक वेळा पहिला परिच्छेद अख्खा उडवता येतो, कारण तो लिहिणाऱ्याने हात मोकळा करण्यासाठी लिहिलेला असतो.

तयार नमुन्यातून सुरुवात उचलू नकोस. ब्रिटनमधल्या विद्यापीठांचे प्रवेशअर्ज एकत्र स्वीकारणाऱ्या ‘यूकॅस’ने 2007 साली सुमारे 50,000 अर्जांतली निवेदनं संगणकावर ताडून पाहिली. त्यांत 234 जणांनी एकच आठवण लिहिली होती : आठव्या वर्षी रसायनांचे प्रयोग करताना पायजम्याला भोकं पडली.

प्रश्न : नववीत घरातल्या आजारपणामुळे माझे गुण बरेच घसरले. हे लिहावं का? सहानुभूती मागतोय असं वाटेल का? (एक विद्यार्थी)

उत्तर : जरूर लिही. गुणपत्रिकेतली घसरण वाचणाऱ्याला दिसणारच आहे. कारण दिलं नाहीस तर तो स्वतःच्या मनाने काढेल. मात्र तीन-चार वाक्यांत आटप : काय झालं, किती महिने, अभ्यासावर नेमका काय परिणाम झाला, आणि तू काय केलंस. ‘चार महिने संध्याकाळी रुग्णालयात असायचो, म्हणून पहाटेचा एक तास विज्ञानासाठी राखला, भाषा मागे पडल्या, त्या दहावीत भरून काढल्या’ एवढं पुरतं. दुःखाचं वर्णन लांबलं की तू काय केलंस ते झाकलं जातं.

आजार घरातल्या दुसऱ्या कुणाचा असेल तर त्यांना विचारूनच लिही. शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांनाही ही हकिकत सांगून ठेव. त्यांच्या पत्रात तिचा उल्लेख आला तर तिला जास्त वजन येतं. त्यांना किमान तीन आठवडे आधी भेट आणि तुझी माहिती एका पानावर लिहून दे.

प्रश्न : पुढे काय व्हायचं ते अजून पक्कं नाही. ‘समाजासाठी काहीतरी करायचं आहे’ असं लिहिलं तर?

उत्तर : कुणासाठी आणि कोणती अडचण सोडवायची, हे त्यात येत नाही. एक छोटा, खरा प्रश्न निवड, उदाहरणार्थ कमी ऐकू येणाऱ्या मुलांना वर्गात काय अडचण येते. मग सांग की त्यावर काम करायला तुला आज काय येत नाही आणि या अभ्यासक्रमातला कोणता विषय ते शिकवतो. ही जोडणी केलेली नसली की आकांक्षा अधांतरी राहते.

पक्कं ठरलेलं नसेल तर खोटा ठामपणा आणू नकोस. दोन वाटा लिही आणि कशावरून एक निवडशील तेही लिही. सतराव्या वर्षी हे प्रामाणिकही आहे आणि विचार केल्याचंही त्यातून दिसतं.

प्रश्न : मुलाचा निबंध मी सुधारून दिला तर चालेल का? (एक आई)

उत्तर : ताई, पेन हातात घेऊ नका, एवढीच विनंती. मोठ्यांची वाक्यं लगेच ओळखू येतात आणि मुलाखतीत त्यांवरच प्रश्न येतो. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून अख्खा निबंध लिहून घेतला तरी तिथेच अडकायला होतं. तुम्ही फक्त ऐका. त्याला मोठ्याने वाचायला सांगा. 500 शब्दांना चार-पाच मिनिटं लागतात. जिथे समजलं नाही तिथे ‘म्हणजे काय झालं?’ असं विचारा. तो जे तोंडी सांगेल तेच त्याला लिहू द्या. शुद्धलेखनाच्या चुका अगदी शेवटी दाखवा, नाहीतर तो मजकूर सोडून ऱ्हस्व-दीर्घातच गुंतून पडेल.

प्रश्न : ऑनलाइन अर्जात मर्यादा शब्दांची असते की अक्षरांची?

उत्तर : दोन्ही प्रकार असतात, म्हणून आधी सूचना वाचा. अमेरिकेतल्या ‘कॉमन ॲप’च्या (अनेक विद्यापीठांसाठी चालणारा एकच सामाईक प्रवेशअर्ज) निबंधाला 250 ते 650 शब्दांची मर्यादा आहे. ‘यूकॅस’ने 2026च्या प्रवेशांपासून एकसंध निवेदनाऐवजी तीन प्रश्न ठेवले आहेत, तिन्ही मिळून मोकळ्या जागांसह 4,000 अक्षरं, प्रत्येक उत्तराला किमान 350.

मराठीत लिहिताना संगणक काना, मात्रा, वेलांटी आणि पायमोड वेगवेगळे मोजतो. ‘विद्यार्थी’ हा शब्द आपल्या मोजणीने तीन अक्षरांचा, पण अर्जाच्या चौकटीत सहसा दहा मोजला जातो. त्यामुळे अक्षरमर्यादा असेल तर डोळ्यांनी मोजू नका. मजकूर दुसरीकडे लिहून ठेवा, चौकटीत चिकटवा आणि शेवटचं वाक्य पूर्ण दिसतंय का ते पाहूनच पाठवा. काही चौकटी जास्तीचा मजकूर न सांगता कापतात.