प्रश्न: भूत-हडळ नको, निसर्गाचीच धास्ती वाटेल अशा जुन्या गूढकथा कुठल्या?

सुरुवात इंग्रज लेखक अल्जर्नन ब्लॅकवुडच्या 'द विलोज'पासून करा (1907). दोन मित्र दुथडी वाहणाऱ्या डॅन्यूबमधून होडीनं निघालेत. व्हिएन्ना मागे टाकून बुडापेस्टकडे जाताना ते वाळूच्या एका बेटावर मुक्काम करतात. चहूकडे विलोची झुडपं, आपल्या कृष्णाकाठच्या वाळुंजाच्याच जातीतली. भूत एकही नाही. पण सकाळी बघतात तर एक वल्हं गायब, होडीच्या तळाला चीर, वाळूत नरसाळ्यासारखे खड्डे. आणि बेटही पाण्यानं कातरलं जातंय. सांगलीकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. 'आयर्विन पुलाला पाणी किती फूट झालं?' असं विचारत ज्यानं ऑगस्टच्या रात्री काढल्यात, त्याला ही भीती ओळखीचीच. 2019 चा महापूर पाहिलेल्यांनी पावसाळ्यात वाचूच नये! (गंमत करतोय. पावसाळ्यातच वाचा.)

ब्लॅकवुडचीच 'द वेंडिगो' (1910) कॅनडाच्या जंगलात मूसच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला गेलेल्यांची. चांगली आहे, पण शेवटी जरा जास्तच उलगडून सांगते, असं माझं मत. त्यापेक्षा त्याचीच 'द मॅन हूम द ट्रीज लव्ह्ड' (1912) घ्या. हिंदुस्थानात वनखात्यात नोकरी करून परतलेला साहेब, आणि त्याला हळूहळू आपल्याकडे ओढणारं इंग्लंडातलं रान. संथ आहे, धीर धरावा लागतो.

तिन्ही प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. इंग्रजी जुनं, वाक्यं लांबलचक. निदान 'विलोज' तरी एका बैठकीत संपवा, तुकड्यातुकड्यानं वाचलीत तर मजा जाते.