बाबा आले, झोप पळाली

प्रश्न: माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. रात्री दहाला अंथरुणात नेलं की पाणी हवं, शू आली, असं करत साडेअकरा वाजवतो. बालवाडीसाठी सातला उठवताना रडारड. दुपारी मात्र तीन ते साडेपाच गाढ झोपतो. त्याचे बाबा साडेनऊला येतात. कधी धपाटा घालते, मग मलाच रडू येतं.
– एक आई, डोंबिवली

उत्तर: आधी हिशोब मांडू. रात्रीचे साडेसात, दुपारचे अडीच, झाले दहा तास. या वयाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते. म्हणजे बाळ झोपतंय, पण काठावर आणि भलत्या वेळी. साडेपाचला ताजातवाना उठलेला मुलगा दहाला का पेंगेल? बालवाडीतून आला, जेवला, की एक वाजताच आडवा करा आणि अडीचला उठवा. चार दिवस भोकाड पसरेल, पसरू दे. रात्रीची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पाव तास अलीकडे आणा. उठायचं मात्र रविवारीही सातलाच. पाणी, शू अंथरुणात शिरायच्या आधी उरकायचं. रोज तोंड उघडं टाकून घोरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. झोपेसाठी सर्दीचं औषध पाजायचा सल्ला शेजारून येईलच, तो ऐकू नका.

आता बाबा. आमचे हेही लोकलने साडेनऊलाच यायचे. आल्या आल्या मुलीला खांद्यावर घेऊन गरागरा फिरवायचे, ती खिदळायची आणि पुढचा दीड तास माझ्या वाट्याला. शेवटी मी सांगून टाकलं, दंगा सकाळी करा, रात्री झोपवायचं काम तुमचं.

तुमच्याकडे मोबाइलही बाहेरच ठेवा, त्याच्या उजेडाने झोप लांबते. आमच्याकडे दिवा मालवून, आजीच्या लुगड्याची गोधडी पांघरून चिऊ-काऊची गोष्ट चालायची. तीच, रोज. काऊ दारात भिजतोय आणि चिऊताई बाळाला अंघोळ घालतेय, पावडर लावतेय, काजळ घालतेय. ह्यांनी त्यात अंगडं, टोपडं, कुंची, वाळे सगळं घुसडलं, आवाज मात्र खाली खाली नेत. दार उघडायच्या आत मुलगी झोपलेली असायची. बरेचदा हेही, न जेवताच.