एकाच लोट्यातले दूध

दांडिया बाजार, बडोदे

चि. मित्रास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सूरसागराच्या काठी सेव-उसळ खाता खाता, सीएम पंक या अमेरिकी मल्लाचे वागणे खरे की नाटक यावरून, तुझे आणि तुझ्या मित्राचे कडाक्याचे भांडण झाले, आणि तीन आठवडे उलटूनही तुम्ही एकमेकांशी बोललेला नाहीत, हे वाचून मला आधी हसू आले. पत्राच्या शेवटी मात्र 'काका, खरे कोण ते एकदाचे सांगून टाका' असे तू लिहिले आहेस, तेथे ते हसू ओसरले. मी काही वर्षे तालमीत अंगाला माती लावली आणि पुढे चाळीस वर्षे वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या, म्हणून हा निवाडा तू माझ्याकडे मागितला असशील. निवाडा मी देणार नाही. परंतु तुम्ही ज्या पद्धतीने भांडता, तिच्याविषयी मला बरेच लिहायचे आहे, कारण तुला क्रीडापत्रकार व्हायचे आहे आणि ही खोड एकदा जडली की ती पुढे बातमीतही उतरते.

अमेरिकी व्यावसायिक कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो, हे तुला मी सांगायला नको. ते गुपित जपण्याच्या रिवाजाला तुम्ही मुले 'केफेब' म्हणता. पूर्वी खलनायक आणि नायक एका गाडीतून प्रवाससुद्धा करत नसत, इतका तो कडक होता. तो अधिकृतपणे कसा सुटला ते पाहा. १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सेनेटपुढे खुद्द कंपनीनेच, म्हणजे तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफने (आजची डब्ल्यूडब्ल्यूई), सांगितले की, आमचा खेळ ही स्पर्धा नसून करमणूक आहे. कारण तसे मान्य झाले म्हणजे क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर यांतून सुटका होत होती. गुपित फुटले ते कोणाची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली म्हणून नव्हे, तर चार पैसे वाचावेत म्हणून. या धंद्यात खोटे जसे सोयीने सांगतात तसे खरेही सोयीनेच सांगतात, म्हणून 'त्याने स्वतः कबूल केले' एवढ्यावर तू तुझ्या मित्राला गप्प करतोस, ते मला पटत नाही.

अफवा म्हणजे निव्वळ थाप, असेही समजू नकोस. माझा मुलगा शाळेत होता तेव्हा रावपुऱ्यातली सगळी मुले शपथेवर सांगत की, अंडरटेकर नावाचा अमेरिकी मल्ल मरतो आणि पुन्हा जिवंत होतो, आणि त्याला सात जन्म आहेत. मी हसण्यावारी नेई. पुढे कळले की १९९४ च्या समरस्लॅम या कार्यक्रमात खरोखरच दोन अंडरटेकर एकमेकांसमोर उभे केले होते. दुसरा होता ब्रायन ली नावाचा मल्ल, आणि दोन वर्षांनी एका हिंदी चित्रपटात आपल्याकडच्या प्रेक्षकांनी 'अंडरटेकर' म्हणून पाहिला तोही हाच. म्हणजे 'हा तो नव्हे' असे जी मुले म्हणत होती त्यांची नजर बरोबर होती. त्यावर त्यांनी रचलेला सात जन्मांचा इमला तेवढा चुकीचा होता. अफवा तपासताना पाहिलेले आणि रचलेले यांच्यातला सांधा शोधायचा असतो.

आता माँट्रियल. तुमच्या भांडणात हा विषय निघाल्याशिवाय राहिला नसेल. ९ नोव्हेंबर १९९७ च्या रात्री ब्रेट हार्ट हा मल्ल आपल्याच देशात, म्हणजे कॅनडात, शॉन मायकल्सविरुद्ध, विजेतेपद राखण्यासाठी उतरला. वीस वर्षांचा करार देणाऱ्या कंपनीने आता तो परवडत नाही असे सांगितल्यामुळे तो प्रतिस्पर्धी कंपनीत निघाला होता. कॅनडात हरायचे नाही, ही त्याची अट होती आणि शेवटच्या दिवसांत आपल्या भूमिकेविषयी बोलण्याचा हक्क त्याला करारानेच दिला होता. लढतीचा शेवट वेगळा ठरला होता. प्रत्यक्षात मायकल्सने ब्रेटवर त्याचाच शार्पशूटर हा डाव लावला, ब्रेटने हार मानलेली नसताना पंच अर्ल हेब्नरने घंटा वाजवायला सांगितली, आणि रिंगच्या कडेला उभ्या असलेल्या मालकाच्या, म्हणजे विन्स मॅकमॅनच्या, तोंडावर ब्रेट थुंकला.

अजूनही निम्मे चाहते म्हणतात की तेही नाटकच होते आणि ब्रेट त्यात सामील होता. याविषयी मी काय म्हणतो ते ऐक. त्या दिवसांत ब्रेटवर माहितीपट करणारे पथक त्याच्यासोबत होते आणि लढतीआधी मालकाशी झालेले त्याचे बोलणे अंगावरच्या मायक्रोफोनमध्ये ध्वनिमुद्रित झालेले आहे. शेवट कसा व्हावा याविषयी दोघे त्यात बोलताना ऐकू येतात, आणि घडले ते त्याहून निराळे. हा पुरावा आहे. 'मला आतून वाटते' किंवा 'एका मुलाखतीत तो हसला' हा पुरावा नव्हे. तरीही तुझ्या मित्राचा संशय मी मूर्खपणाचा म्हणणार नाही, कारण त्याच प्रकरणातून कंपनीने दुष्ट मालकाचे पात्र उभे केले आणि पुढे अनेक वर्षे त्यावर धंदा केला. खरी जखम दुसऱ्या दिवशी तिकीट लावून दाखवली जाते, हे ज्याने एकदा पाहिले तो प्रत्येक जखमेकडे संशयाने पाहणारच. फायदा झाला म्हणजे आधीच ठरले होते, हे अनुमान मात्र चूक आहे, आणि माझ्याकडून ती चूक एकदा घडलेली आहे.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. नर्मदाकाठच्या एका जत्रेतल्या फडात दोन नावाजलेल्या मल्लांची जोड लागली. बराच वेळ नुसती खडाखडी झाली, मग एकाने ढाक टाकली आणि दुसरा चीत झाला, इतक्या सहज की लोकांतून हुर्यो उठली. मी तंबूमागे गेलो तर ते दोघे उकिडवे बसून एकाच पितळी लोट्यातून आळीपाळीने दूध पीत होते आणि जिंकलेला हरलेल्याच्या पाठीवरची माती पंच्याने झाडत होता. मला एवढे पुरले. 'कुस्ती ठरवून केली, पैसे खाल्ले' असे मी तालमीत सांगितले, तेथून ते बाजारात गेले, आणि पुढच्या हंगामात हरलेल्या मल्लाला दोन ठिकाणच्या आयोजकांनी जोडच दिली नाही. आमच्या वस्तादांच्या कानावर हे आले तेव्हा त्यांनी मला एवढेच विचारले, "लोटा पाहिलास, पैसे पाहिलेस का?" ते दोघे गुरुबंधू होते, लहानपणापासून एका ताटात जेवलेले. वस्तादांनी महिनाभर माझ्याकडून हौद्याची माती खणून घेतली. त्या मल्लाकडे जाऊन चूक कबूल करायची, ते मात्र मला कधी जमले नाही, आणि आता तो हयात नाही.

म्हणूनच १९ मे १९९६ ची मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली गोष्ट मी प्रथम वाचली तेव्हा मला तो लोटा आठवला. केव्हिन नॅश आणि स्कॉट हॉल कंपनी सोडून चालले होते. शेवटच्या लढतीनंतर त्यांनी, शॉन मायकल्सने आणि ट्रिपल एचने, म्हणजे कथेत एकमेकांचे वैरी असलेल्यांनी, भर रिंगमध्ये मिठ्या मारल्या. दोघे निघून गेले होते आणि मायकल्स विजेता होता, त्यामुळे शिक्षा भोगायला ट्रिपल एच उरला. त्या वर्षीचा किंग ऑफ द रिंग हा किताब त्याच्याऐवजी स्टीव्ह ऑस्टिनला मिळाला, आणि ऑस्टिनचे नाव पुढे कोठवर गेले ते तुला मी सांगायला नको. आपल्याकडे फडानंतर मल्लांनी गळाभेट घ्यावी असा रिवाज, तर त्यांच्याकडे तोच गुन्हा! एकच कृती पाहून तेथला चाहता आणि येथला चाहता उलट निष्कर्ष काढील, आणि तुम्ही दोघे सूरसागरावर बसून येथल्या नजरेने तेथले मन वाचत होता.

पंकविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्या माणसावर तुम्ही आधीच पुष्कळ शब्द खर्च केले आहेत. जून २०११ मधले, कंपनीवरच तोंडसुख घेणारे त्याचे गाजलेले भाषण कंपनीच्या परवानगीने झाले होते, मध्येच मायक्रोफोन बंद होणे हाही त्याचाच भाग होता. आणि तरीही त्याचा करार त्या वेळी खरोखर संपत आला होता. म्हणजे तू 'खरे' म्हणतोस तेही बरोबर आणि तो 'नाटक' म्हणतो तेही. पुढे तो एईडब्ल्यू या दुसऱ्या कंपनीत गेला; तेथली सप्टेंबर २०२२ मधली पत्रकार परिषद आणि त्यानंतरची मारामारी मात्र कथेबाहेरची होती. लंडनमधल्या वेम्बली येथील ऑगस्ट २०२३ च्या झटापटीनंतर त्याला त्या कंपनीने काढूनच टाकले. एप्रिल २०२४ मध्ये त्या झटापटीचे चित्रण दूरदर्शनवर दाखवले गेले, आणि मौज अशी की ते पाहून कोणाचेच मत फारसे बदलले नाही. यामागचे कारण चाहत्यांच्या हट्टात जितके आहे, तितकेच धंद्याच्या रचनेत आहे. हे मल्ल नोकर नसतात, स्वतंत्र कंत्राटदार म्हणून करारबद्ध असतात आणि त्यांची संघटना नाही. अशा माणसाची किंमत करार संपण्याच्या सुमारास त्याच्याविषयी काय बोलले जाते यावर बरीच ठरते. म्हणून कधी मल्ल स्वतः कुजबुज सोडतो, कधी कंपनी सोडते, आणि कुजबुज विकून पोट भरणारी पत्रके ती छापतात. अशी बातमी हाती आली की ती खरी की खोटी हे ठरवण्याआधी, ती याच आठवड्यात का बाहेर आली, हे वहीत लिहीत जा. तुझ्या मित्राने हा प्रश्न तुला विचारला होता, असे तुझ्याच पत्रावरून दिसते. तू त्याला 'कंपनीचा भाट' म्हणालास. ते बरे केले नाहीस.

एका बाबतीत मात्र मी तुमच्यापैकी कोणाचीच गय करणार नाही. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीच्या केम्पर अरेनात ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन हार्ट याला छतावरून दोरीने खाली सोडायचे होते. तो जवळजवळ ७८ फुटांवरून रिंगमध्ये कोसळला आणि मरण पावला. समालोचक जिम रॉसला दूरदर्शनच्या प्रेक्षकांना सांगावे लागले की हा कार्यक्रमाचा भाग नाही. त्या रात्रीचा कार्यक्रम पुढे चालू ठेवला गेला. जून २००७ मध्ये मालकाची मोटार स्फोटात उडाल्याची कथा चालू होती आणि त्याच्या खोट्या मृत्यूचा शोक वाहिनीवर व्हायचा होता, तेवढ्यात मल्ल ख्रिस बेनवा, त्याची पत्नी आणि मुलगा यांच्या मृत्यूची बातमी आली. कंपनीने घाईने तीन तासांचा श्रद्धांजलीचा कार्यक्रम केला. पत्नीला आणि मुलाला बेनवानेच मारले होते हे उघड झाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याचे नाव घेणे थांबवले. खोट्या मरणाची इतकी सवय झालेल्या प्रेक्षकाला खरे मरण ओळखायला वेळ लागतो, आणि तुम्ही दोघे त्याच प्रेक्षकात आहात. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीतल्या एका माजी कर्मचारी स्त्रीने मॅकमॅनवर अत्याचाराचे आरोप करून दावा लावला; त्याने ते नाकारले आणि पद सोडले. या दाव्याविषयी तू पत्रात 'ही पुढच्या कथानकाची तयारी असेल' असे विनोदाने लिहिले आहेस. ते वाक्य मी लाल शाईने खोडले आहे. माणूस मेला, मोडला किंवा कोणी गाऱ्हाणे घेऊन न्यायालयात गेले, की हील-फेसची, म्हणजे खलनायक-नायकाची, भाषा तेथे बंद करायची. कागदपत्रे येतील तेव्हा वाचायची, तोवर थांबायचे.

१९७६ मध्ये कराचीत जपानचा अँटोनियो इनोकी आणि पाकिस्तानचा अक्रम पहिलवान यांची लढत झाली. अक्रम हा गामा पहिलवानाचा पुतण्या. काय ठरले होते आणि ते कोणी मोडले यावर आजही वाद घालतात. अक्रमच्या हाताला जबर इजा झाली, यावर कोणी घालत नाही. बातमी लिहिताना आधी तो हात लिहायचा आणि वाद त्याच्याखाली.

गामाचे नाव निघालेच आहे, तर येत्या रविवारी सकाळी तू आणि तो, दोघेही कमाटीबागेत या. संग्रहालयातला गामाचा दगड, त्याने उचलला असे सांगतात तो, तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिला असेल, पण वाचला नसेल. २३ डिसेंबर १९०२ ही तारीख त्यावर कोरलेली आहे आणि वजन १२०० किलो सांगतात. आजचे जगातले नामांकित बलवान जमिनीवरून पाचशे किलोच्या आसपास उचलतात, हे मनात धरून त्याच्यापुढे उभे राहा. उचलला म्हणजे गुडघ्यापर्यंत, छातीपर्यंत, की नुसता एका कडेने कलता केला? बडोद्यातल्या प्रत्येक आजोबांकडे याचे वेगळे उत्तर आहे, माझ्या वडिलांकडेही होते. दोघांनी वेगवेगळ्या वह्यांत लिहा: दगडावर काय आहे, लोक काय सांगतात, आणि तुम्हाला काय वाटते. वह्या अदलाबदल करून वाचून होईपर्यंत पंकचे नाव काढायचे नाही.

नंतर सेव-उसळ माझ्याकडून. तुझ्या मित्राला तिखट तरी जास्त लागते असे तू लिहिले आहेस, तेव्हा त्याची वाटी आधी सांगू.

तुझा,
काका