बँडच्या व्हिडिओची नव्याने जुळणी: हा अभ्यास म्हणावा का?

प्रश्न: माझा मुलगा अकरावीत आहे. आवडत्या रॉक बँडच्या म्युझिक व्हिडिओत स्वतः टिपलेली दृश्ये मिसळून तो नवा व्हिडिओ तयार करीत बसतो. यातून व्हिडिओ एडिटिंग खरोखर शिकता येते का? (एक आई, सांगली)

उत्तर: आपण पाठविलेला व्हिडिओ मी दोनदा पाहिला. ड्रमवादकाची काठी वर उठते आणि ती खाली आपटण्याच्या क्षणी एसटीचा दरवाजा धाडकन लागतो. एका चित्रात सुरू झालेली हालचाल दुसऱ्यात पूर्ण करणारा हा कट (एका दृश्यावरून थेट दुसऱ्यावर जाणे) त्याला कोणी न शिकविता सुचला असेल, तर मुलाला नजर आहे. पुढे मात्र जवळजवळ प्रत्येक ठोक्यावर कट आहे. १२० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांच्या, गाण्यात ठोका दर अर्ध्या सेकंदाला, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम (स्थिर चित्रे) असलेल्या व्हिडिओत साडेबारा फ्रेमनंतर पडतो. इतक्या नेमाने चित्र बदलू लागले की डोळा कंटाळतो, आणि कट कोठे घ्यायचा हे एडिटरऐवजी ड्रम ठरवू लागतो. त्याला हाच व्हिडिओ आवाज बंद करून पाहण्यास सांगावे.

खरी उणीव वेगळी आहे. तयार व्हिडिओतून दुसऱ्या एडिटरने निवडलेलेच तुकडे हाती येतात, त्याने बाजूला सारलेले तासन्‌तासांचे फुटेज दिसत नाही, आणि माझ्या मते या कामाची निम्मी कसोटी त्या निवडीतच लागते. नाइन इंच नेल्स या अमेरिकन बँडने २००९ मध्ये आपल्या मैफलींचे ४०० जीबीहून अधिक कच्चे फुटेज चाहत्यांसाठी खुले केले, तेव्हा चाहत्यांनी त्यातून पूर्ण लांबीचा मैफलपट उभा केला. तेवढा भार घरच्या संगणकाला झेपणार नाही. परंतु एखाद्या कॉलेजच्या बँडची तालीम, त्यांच्या परवानगीने, तीन मोबाइलवर टिपता येईल. प्रारंभी एक टाळी वाजवावी, म्हणजे तिन्ही फुटेज जुळविणे सोपे जाते. मग तासाभराच्या ऐवजातून चार मिनिटे निवडावीत. येथे तो अडेल, आणि अडू द्यावे.

घरच्या सरावासाठी मूळ व्हिडिओ वापरण्यात मला वावगे वाटत नाही. मात्र यूट्यूबवर टाकायचा झाल्यास गाणे आणि चित्रीकरण या दोहोंच्या हक्कांचा प्रश्न येतो, आणि खाली ‘श्रेय मूळ कलाकारांना’ असे लिहिल्याने परवानगी मिळत नाही. पुढे काम मागताना दाखविण्यासाठी तालमीचा व्हिडिओच ठेवावा.

पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपटशिक्षण संस्थेतील एडिटिंगच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी आवश्यक असते, शाखा कोणतीही चालते. त्यामुळे बारावी आणि पदवी यांत खंड पडू देऊ नये. महागड्या संगणकासाठी कर्जही आत्ताच काढू नये. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती या टप्प्याला पुरेशी आहे, आणि संगणक अडखळू लागल्यास फुटेजच्या हलक्या प्रती, ज्यांना प्रॉक्सी म्हणतात, त्या करून काम भागते.